पाच टक्क्यांची मोजदाद

१९३८ साली केंब्रिजमधल्या एका व्याख्यानमालेत आर्थर एडिंग्टन यांनी विश्वात एकूण किती प्रोटॉन आहेत याचा आकडा जाहीर केला. आकडा ऐंशी अंकी होता आणि त्यातला एकही अंक अंदाजाने लिहिलेला नव्हता. १३६ या संख्येला २ च्या २५६ व्या घाताने गुणून तो आला होता, आणि इलेक्ट्रॉनही नेमके तेवढेच आहेत असे त्यांनी सोबत सांगून टाकले होते. दुर्बिणीतून काही मोजून ते इथवर आलेले नव्हते. निसर्गातल्या मूलभूत स्थिरांकांमागे निखळ गणिती कारण असलेच पाहिजे, या श्रद्धेने त्यांना तिथे आणले होते. ती उपपत्ती पुढे टिकली नाही आणि आज तिच्याकडे एका थोर खगोलशास्त्रज्ञाची उतारवयातली हौस म्हणूनच बहुधा पाहिले जाते. गंमत अशी, की आजच्या मोजमापांवरून दृश्य विश्वासाठी जो आकडा निघतो तो एडिंग्टन यांच्या आकड्याच्या सहापटीच्या आतच आहे. हा शुद्ध योगायोग आहे. तरीही या दोन आकड्यांमध्ये मला एक फरक फार मोलाचा वाटतो: एडिंग्टन यांच्या आकड्याला चूक ठरण्याची कुठलीच सोय नव्हती, आणि आजच्या आकड्याला मात्र ती पावलोपावली होती.

आजचा आकडा काढायला गूढ गणित लागत नाही. जिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला आहे त्या दृश्य विश्वाची आजची त्रिज्या सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे आहे. तिच्यावरून घनफळ काढून ते घनमीटरमध्ये लिहिले, की साधारण ३६ वर ७९ शून्ये येतात. त्याला दर घनमीटरमागे सरासरी किती प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आहेत त्या संख्येने गुणायचे, आणि ही सरासरी पाव आहे: चार घनमीटरमध्ये एक कण. उत्तर ९ वर ७९ शून्ये. आपल्या भोवतालच्या हवेच्या एका घनमीटरमध्ये २५ वर २४ शून्ये इतके रेणू असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही सरासरी किती विरळ आहे याची थोडी कल्पना येते. गुणाकार शाळेतल्या मुलालाही जमेल. सगळी मेहनत त्या ‘चार घनमीटरला एक’मध्ये दडलेली आहे. तारे, ग्रह, धूळ, वायू आणि आपण सगळे, असे एकत्र करून अवकाशात सारखे पसरले तर ते किती पातळ होईल, हे कशावरून आणि किती खात्रीने सांगता येते?

पुढे जाण्यापूर्वी एक घोळ निस्तरायला हवा. विश्वाचा ९५ टक्के भाग अज्ञात आहे आणि ५ टक्केच आपल्या ओळखीचा आहे, हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे, की ते वाचताना आता कोणी थांबत नाही. या ९५ टक्क्यांत सुमारे ६८ टक्के कृष्णऊर्जा आणि २७ टक्के कृष्णद्रव्य येते, आणि ही दोन्ही नेमकी काय आहेत ते कोणालाही सांगता येत नाही, इथवर सारे बरोबर. पण उरलेल्या पाच टक्क्यांबद्दल, म्हणजे अणूंनी बनलेल्या साध्या द्रव्याबद्दल, ते वाक्य फारच उदार आहे. हे द्रव्य कशाचे बनलेले आहे ते आपल्याला ठाऊक होते. ते आहे कुठे, हे मात्र अगदी अलीकडेपर्यंत निम्म्याच भागाबद्दल सांगता येत होते. ‘हरवलेले द्रव्य’ हा शब्दप्रयोग दोन्ही कोड्यांसाठी वापरला गेल्यामुळे ती एकच आहेत असा समज पसरला. इथे विषय दुसऱ्या कोड्याचा आहे, प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या कुळातल्या कणांचा, ज्यांना भौतिकशास्त्रात बॅरिऑन म्हणतात. इलेक्ट्रॉन त्यांच्या सोबत असतातच, पण त्यांचे वस्तुमान इतके किरकोळ आहे, की वजनाच्या हिशेबात ते धरले काय आणि सोडले काय, सारखेच.

या मोजदादीची विलक्षण गोष्ट अशी, की एकूण बेरीज आधी कळली आणि तपशिलाच्या नोंदी नंतर शोधाव्या लागल्या. बेरीज कळली ती विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांवरून. महास्फोटानंतर साधारण एका सेकंदाने न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांची एकमेकांत होणारी अदलाबदल थांबली आणि पुढच्या काही मिनिटांत, काही न्यूट्रॉनांचा ऱ्हास होऊन, दर सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला. यापुढचे गणित बोटांवर करता येते. सोळा कण घ्या: दोन न्यूट्रॉन, चौदा प्रोटॉन. दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून हीलियमचे एक केंद्रक होते, आणि बारा प्रोटॉन हायड्रोजन म्हणून तसेच राहतात. सोळापैकी चार, म्हणजे वस्तुमानाच्या पंचवीस टक्के हीलियम. आणि अगदी जुन्या, ताऱ्यांनी फारशा न बदललेल्या वायूमध्ये पाहिले तर हीलियम खरोखरच पाव हिश्श्याच्या जवळपास सापडतो.

पण हीलियमवरून द्रव्याची एकूण घनता नीटशी कळत नाही, कारण घनता बरीच बदलली तरी हा पाव हिस्सा फारसा हलत नाही. नेमके काम करतो तो ड्युटेरियम, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची सैलशी जोडी. हीलियम तयार व्हायचा तर आधी ही जोडी जमावी लागते, आणि सुरुवातीच्या विश्वात ती जमताच फोडली जात होती, कारण दर बॅरिऑनमागे दीड अब्जाहून अधिक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, होते आणि त्यांतल्या मूठभर शक्तिशाली फोटॉनांनीही तेवढे काम भागत होते. तापमान एक अब्ज अंशांच्या आसपास उतरले तेव्हा कुठे ड्युटेरियम टिकू लागला, आणि टिकताच तो हीलियम घडवण्यात भराभर खर्चही होऊ लागला. विश्व तेव्हाही प्रसरण पावत होते, वायू विरळ आणि थंड होत होता, आणि काही मिनिटांत ही सारी भट्टी विझली. त्या क्षणी जेवढा ड्युटेरियम वापरायचा राहून गेला तेवढाच पुढे उरला. द्रव्य जितके दाट, तितक्या टकरी जास्त आणि उरलेला ड्युटेरियम कमी. शिवाय तारे तो फक्त जाळतात, लक्षात येण्याजोग्या प्रमाणात तयार करत नाहीत. तेव्हा आदिम वायूमध्ये तो किती आहे हे मोजले, की विश्वाच्या जन्माच्या वेळी किती बॅरिऑन होते ते वाचता येते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस हा युक्तिवाद स्पष्टपणे मांडला गेला, आणि या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त आवडतो तो हाच भाग: जे घडायचे राहून गेले त्यावरून जे होते त्याचे माप.

मोजायचे कसे, हे मात्र सोपे नव्हते. दूरच्या क्वेसारचा, म्हणजे केंद्रातल्या कृष्णविवरामुळे अतितेजस्वी झालेल्या दीर्घिकेचा, प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या वायूच्या ढगांतून जातो आणि प्रत्येक ढगातला हायड्रोजन त्या प्रकाशात एक काळी रेषा उमटवतो. प्रयोगशाळेत या रेषेची तरंगलांबी १२१.५६७ नॅनोमीटर असते. ड्युटेरियमची तीच रेषा १२१.५३४ नॅनोमीटरवर असते. फरक नॅनोमीटरच्या तीस-पस्तीस हजारांश भागांचा. वेगाच्या भाषेत तो सेकंदाला ८२ किलोमीटर इतका होतो, आणि इथेच खोच आहे, कारण हायड्रोजनचाच एखादा छोटा ढग मोठ्या ढगापेक्षा ८२ किलोमीटर वेगाने आपल्याकडे सरकत असेल तर त्याची रेषा हुबेहूब ड्युटेरियमच्या जागी पडते. त्यावर ड्युटेरियमचे प्रमाण हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे पंचवीसच. म्हणून ज्यांच्या वर्णपटावर निःशंक विश्वास ठेवता येईल असे ढग मोजकेच निघाले, आणि १९९० च्या दशकापासून डेव्हिड टायटलर, स्कॉट बर्ल्स, मॅक्स पेटिनी, रायन कुक अशा लोकांनी त्या मोजक्या ढगांवर वर्षानुवर्षे काम केले. ड्युटेरियम नेमका किती वेगाने जळतो यातली अनिश्चितताही अडचणीची होती. इटलीतल्या ग्रान सास्सो पर्वताखाली, १४०० मीटर खडकाच्या आडोशाला चाललेल्या लुना या प्रयोगाने ती २०२० साली बरीच कमी केली.

प्रामाणिकपणासाठी इथे लिथियमचाही उल्लेख केला पाहिजे. याच उपपत्तीनुसार जितका लिथियम असायला हवा त्याच्या साधारण एक तृतीयांशच जुन्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर दिसतो, आणि हे १९८० च्या दशकापासून बोचत आले आहे. ताऱ्यांनीच तो आतल्या आत गिळला असावा असे बऱ्याच जणांना वाटते. मलाही तेच पटते, पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे.

ड्युटेरियमची साक्ष विश्वाच्या तिसऱ्या-चौथ्या मिनिटाची. दुसरी साक्ष आली ती महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी घडलेल्या घटनेची, आणि तिचा पहिल्या साक्षीशी काहीच संबंध नव्हता. तोवर विश्व इतके तापलेले होते, की हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होते आणि प्रकाश त्यांच्यात अडकून पडला होता. मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणाने हे इलेक्ट्रॉन केव्हा बांधले जातील त्याचा पहिला अंदाज येतो. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा तापमानात मोजली तर ते दीड लाख अंशांहून अधिक भरते, पण प्रत्यक्षात विश्व तीन हजार अंशांच्या आसपास निवेपर्यंत अणू टिकू शकले नाहीत. कारण पुन्हा तेच, प्रत्येक बॅरिऑनमागे अब्जावधी फोटॉन. अणू जमले, प्रकाश मोकळा झाला, आणि १९६५ साली आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन यांच्या शोधाने जगासमोर आलेले सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण म्हणजे तोच प्रकाश.

या प्रारणात आकाशभर एक लाखात एक-दोन भाग इतके बारीक चढउतार आहेत, आणि त्यांच्यात त्या काळच्या ध्वनिलहरी गोठलेल्या आहेत. कृष्णद्रव्याच्या खळग्यांत वायू कोसळायचा, प्रकाशाचा दाब त्याला परत बाहेर ढकलायचा, आणि हे आंदोलन चालू राहायचे. स्प्रिंगला टांगलेले वजन वाढवले, की ती खाली अधिक ताणली जाते, तसे बॅरिऑन जास्त असतील तर वायू खळग्यात अधिक खोल जातो आणि उसळी मात्र तेवढी मोठी होत नाही. चढउतारांच्या आलेखात एकाआड एक शिखरे या कोसळण्याची आणि उसळीची असतात. पहिले आणि दुसरे शिखर यांच्या उंचीतला फरक पाहिला, की वजन किती टांगलेले होते ते कळते. प्लँक या यानाने २००९ पासून केलेल्या मोजणीचे अंतिम निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आणि त्यांतून साध्या द्रव्याची घनता एक टक्क्याहूनही कमी अनिश्चिततेने हाती आली: विश्वाच्या एकूण ऊर्जाघनतेच्या ४.९ टक्के.

ड्युटेरियमने सांगितलेला आकडाही तोच. एक साक्ष अणुकेंद्रकांच्या टकरींची, दुसरी ध्वनिलहरींची. दोहोंमध्ये पावणेचार लाख वर्षांचे अंतर. मोजणारी माणसे वेगळी, उपकरणे वेगळी, चुका होण्याच्या जागाही वेगळ्या. विश्वशास्त्राला एके काळी अटकळींचे शास्त्र म्हणून हसले जायचे. त्या हसण्याला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

बेरीज अशी पक्की झाल्यावर आजच्या विश्वात हे सारे द्रव्य एकेक करून मोजायला घेतले, आणि हिशेब बिनसला. तारे मोजले, तर सगळ्या दीर्घिकांमधले सगळे तारे आणि त्यांचे अवशेष मिळून साध्या द्रव्याच्या सहा-सात टक्क्यांच्या वर जाईनात. रात्रीच्या आकाशात आपल्याला जे दिसते आणि ‘विश्व’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते, ते साध्या द्रव्याच्याही पंधराव्या हिश्श्याएवढेच आहे. दीर्घिकांमधला थंड वायू आणि धूळ मिळून आणखी दोन टक्क्यांच्या आसपास. ग्रह तर खिजगणतीतही नाहीत. सूर्यमालेच्या वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक एकट्या सूर्यात आहे.

मग उरलेले द्रव्य विझलेल्या ताऱ्यांत किंवा न पेटलेल्या गोळ्यांत दडले असेल का? हा प्रश्न १९८६ साली बोहदान पाचिन्स्की यांच्या सूचनेमुळे तपासता येण्याजोगा झाला: असा एखादा अंधारा गोळा दूरच्या ताऱ्यासमोरून गेला, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे तो तारा काही काळ अधिक तेजस्वी दिसेल. १९९० च्या दशकात दोन गटांनी मॅगेलनिक मेघ या आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांतल्या लाखो ताऱ्यांवर वर्षानुवर्षे पाळत ठेवली. काही तारे तसे उजळलेही, पण जितक्यांनी उजळायला हवे होते त्या मानाने फारच थोडे. तो रस्ता बंद झाला.

वायू उरला होता. मोठ्या दीर्घिकासमूहांमध्ये कोट्यवधी अंश तापलेला वायू क्ष-किरणांत झळकतो आणि त्याचे वजन त्याच समूहांतल्या ताऱ्यांच्या कित्येक पट भरते. हे समूह इतके भारी आहेत, की त्यांच्या पकडीतून फारसे काही निसटत नाही, आणि तिथे एकूण द्रव्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके साधे द्रव्य असते, म्हणजे विश्वाच्या सरासरीजवळ. तिथला हिशेब जवळजवळ जुळतो. पण असे समूह विरळा. विश्वातल्या साध्या द्रव्यापैकी तीन-चार टक्केच त्यांच्यात आहे. १९९८ साली मासाताका फुकुगिता, क्रेग होगन आणि जेम्स पीबल्स यांनी एकेक नोंद घेऊन सगळा ताळेबंद मांडला, तेव्हा तो किती अपुऱ्या नोंदींवर उभा आहे हेही दिसले. २०१२ मध्ये मायकेल शल आणि सहकाऱ्यांनी, मधल्या काळात सापडलेला सगळा वायू धरून, पुन्हा बेरीज केली. तरीही तीस टक्क्यांच्या आसपास द्रव्याचा पत्ता नव्हता.

हे द्रव्य कायमचेच बेपत्ता होते असेही नाही. साडेअकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या विश्वाकडे पाहिले तर हिशेब जवळजवळ पुरा लागतो. त्या काळचे क्वेसार घेतले, की त्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या शेकडो बारीक रेषांची दाटी दिसते. तिला लायमन-अल्फा अरण्य म्हणतात. या अरण्यातल्या वायूत दर लाखभर हायड्रोजन केंद्रकांमागे जेमतेम एकाजवळ इलेक्ट्रॉन शाबूत असतो आणि तेवढाच दिसतो. बाकीच्यांची संख्या त्यावरून काढावी लागते. इतक्या मोठ्या गुणकावर विसंबणे धाडसाचे वाटते, पण क्वेसार आणि ताऱ्यांपासून येणारा अतिनील प्रकाश किती आहे ते माहीत असेल तर हा गुणक काढता येतो, आणि तो लावल्यावर त्या काळातले बहुतेक सगळे बॅरिऑन त्या अरण्यातच सापडतात. म्हणजे तेव्हा द्रव्य होते आणि दिसत होते. मधल्या काळात ते कुठेतरी गेले.

कुठे गेले असावे याचे उत्तर संगणकाने आधी दिले. १९९९ साली रेन्यूए सेन आणि जेरेमाया ऑस्ट्रायकर यांनी केलेल्या अनुकरणात असे दिसले, की दीर्घिकासमूहांना जोडणाऱ्या कृष्णद्रव्याच्या लांबच लांब तंतूंकडे वायू ओढला जातो, तिथे वेगाने कोसळताना त्याला आघातलहरी बसतात, आणि तो एक लाख ते एक कोटी अंशांपर्यंत तापतो. हे तापमान फार गैरसोयीचे आहे. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन पुरता सुटलेला, त्यामुळे अरण्यातल्या रेषा जवळजवळ नाहीशा होतात. आणि दीर्घिकासमूहांसारखी तेजस्वी क्ष-किरणे देण्याइतका वायू दाटही नाही, कारण एका घनमीटरमध्ये तिथे एक ते दहा कण असतात. द्रव्य लपले होते असे म्हणण्यापेक्षा, आपल्याला जी दोन साधने वापरता येत होती त्यांच्या बरोबर मधल्या पट्ट्यात ते जाऊन बसले होते असे म्हणणे अधिक योग्य.

ते पकडण्याचे पहिले प्रयत्न ऑक्सिजनमार्फत झाले. एवढ्या तापमानालाही ऑक्सिजन आपले आतले एक-दोन इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि क्ष-किरणांत अगदी पुसटशी रेषा उमटवतो. २०१८ मध्ये फाब्रित्सिओ निकास्त्रो आणि सहकाऱ्यांनी एक्सएमएम-न्यूटन दुर्बीण एकाच तेजस्वी स्रोतावर दीर्घकाळ रोखून अशा दोन रेषा सापडल्याचे जाहीर केले, आणि शोध संपला अशा बातम्या आल्या. पुढच्याच वर्षी त्यांतली एक रेषा त्या स्रोताच्याच शेजारच्या वायूची असू शकते अशी शंका घेतली गेली. माझ्या मते त्या बातम्यांची घाई वाईट होती, मूळ काम नाही: दोन रेषांवरून अख्ख्या विश्वाचा हिशेब मिटवणे हा वाचकाचा आणि वार्ताहराचा उतावीळपणा असतो.

२०१९ मध्ये दोन गटांनी दुसरा मार्ग घेतला. तापलेले इलेक्ट्रॉन पार्श्वप्रारणाच्या फोटॉनांना किंचित ऊर्जा देतात; एकेका तंतूवरचा हा परिणाम मोजण्याइतकाही नसतो, पण दीर्घिकांच्या लाखो जोड्या निवडून, प्रत्येक जोडीमधल्या आकाशाचा तुकडा प्लँकच्या नकाशातून कापून, ते सगळे एकमेकांवर ठेवले, की गोंगाट एकमेकांना मारतो आणि तंतू वर येतो. तो आला. फक्त तो कुठल्याही एका खऱ्या जोडीचा नव्हता, सरासरी जोडीचा होता.

ज्या पद्धतीने अखेर वजन झाले तिचे मूळ मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या ठिकाणी होते. २००७ साली डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या २००१ च्या जुन्या नोंदींत अवघ्या काही मिलिसेकंदांचा एक जबरदस्त रेडिओ स्फोट सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्यात एक ठळक खूण होती: वरच्या वारंवारितेच्या लहरी आधी पोहोचल्या आणि खालच्या नंतर. सुट्या इलेक्ट्रॉनांमधून जाताना रेडिओ लहरींना उशीर होतो, आणि वारंवारिता निम्मी केली तर उशीर चौपट होतो. समजा वाटेत एक चौरस सेंटीमीटर छेदाच्या स्तंभात १५ वर २० शून्ये इतके इलेक्ट्रॉन आहेत, आणि दूरच्या स्फोटांसाठी हा आकडा अजिबात अवास्तव नाही. मग १४०० मेगाहर्ट्झच्या लहरीला सुमारे एक सेकंद उशीर होतो आणि ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीला चार सेकंदांहून थोडा अधिक. निघताना बरोबर असलेल्या लहरी पोहोचताना तीन सेकंदांच्या फरकाने येतात. अब्जावधी वर्षांच्या प्रवासात तीन सेकंद. पण घड्याळाला तीन सेकंद मोजणे मुळीच कठीण नसते, आणि तेवढ्यावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या सरळ हाती येते.

या मोजणीतली खुबी अशी, की इलेक्ट्रॉन गरम आहे की थंड, दाट ढगातला आहे की ओसाड पोकळीतला, याच्याशी उशिराला काही देणेघेणे नाही. ऑक्सिजन किती, तापमान किती, अतिनील प्रकाश किती, असले मधले गुणकही नकोत. सुटा असला, की प्रत्येक इलेक्ट्रॉन एकसारखा मोजला जातो, आणि आजच्या विश्वातले जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन सुटेच आहेत. एवढेच ठाऊक हवे, की स्फोट किती दूरवर झाला. त्यासाठी तो नेमका कुठल्या दीर्घिकेत झाला ते शोधायचे आणि तिची ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे तिचा प्रकाश तांबड्याकडे किती सरकला आहे ते, मोजायची. एका मिलिसेकंदात संपणाऱ्या घटनेच्या बाबतीत हे कसे अवघड असेल ते सांगायला नको. वारंवार होणाऱ्या एका स्फोटाचे घर २०१७ साली सापडले, आणि एकदाच होऊन गेलेल्या स्फोटांची घरे ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅसकॅप या दुर्बीणसमूहाने त्यानंतर एकेक करून शोधली.

मे २०२० मध्ये जाँ-पिएर मॅकार, झेवियर प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या स्फोटांचे अंतर आणि उशीर एका आलेखावर मांडले. जितके अंतर अधिक, तितका उशीर अधिक, आणि त्या रेषेच्या चढावरून साध्या द्रव्याची घनता पाच टक्क्यांच्या आसपास निघाली: ड्युटेरियमने सांगितलेली आणि ध्वनिलहरींनी सांगितलेली तीच. अनिश्चितता चाळीस-पन्नास टक्के होती हे खरे, पण नोंदींमधला खड्डा भरला होता. शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यानंतर काही दिवसांतच मॅकार यांचे निधन झाले. आलेखातल्या त्या नात्याला आता त्यांचे नाव आहे.

२०२५ मध्ये लियाम कॉनर, विक्रम रवी आणि सहकाऱ्यांनी ६९ स्फोट वापरून पुढचा प्रश्न विचारला: एकूण तर जुळले, पण वाटणी कशी आहे? उशीर दोन ठिकाणी होतो, दीर्घिकांमधल्या विस्तीर्ण पोकळीत आणि वाटेत आडव्या येणाऱ्या दीर्घिकांच्या भोवतालच्या वायुमंडलात. पोकळीतला उशीर सगळ्या दिशांना जवळपास सारखा असतो, आणि वायुमंडलातला वाटेवर अवलंबून, कमीजास्त. त्यामुळे समान अंतरावरच्या स्फोटांच्या उशिरांत किती तफावत आहे त्यावरून वाटणी काढता येते. उत्तर असे आले, की साध्या द्रव्यापैकी सुमारे ७६ टक्के दीर्घिकांच्या मधल्या अवकाशात, १५ टक्के दीर्घिकांच्या वायुमंडलांत, आणि उरलेले थोडेसे ताऱ्यांत व थंड वायूत आहे.

मला हा शेवटचा निष्कर्ष पहिल्या बेरजेपेक्षा अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर पाहिले तर इतका वायू दीर्घिकांबाहेर राहायला नको. तो बाहेर आहे याचा अर्थ ताऱ्यांच्या स्फोटांनी आणि दीर्घिकांच्या केंद्रातल्या कृष्णविवरांनी तो बाहेर फेकला, किंवा आत येऊच दिला नाही. किती जोराने फेकला यावर इतरही बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत. दूरच्या दीर्घिकांच्या प्रतिमा मधल्या द्रव्यामुळे किती वाकतात यावरून कृष्णद्रव्याची घडण मोजणाऱ्यांना हा आकडा हवाच असतो, कारण फेकलेला वायू त्यांच्या मोजमापात थेट डोकावतो.

आपल्याच आकाशगंगेचे उदाहरण घेतले तर हे अगदी जवळून दिसते. कृष्णद्रव्य धरून तिचे वस्तुमान साधारण एक लाख कोटी सूर्यांइतके आहे. विश्वाच्या सरासरी वाटणीप्रमाणे त्यातले सुमारे सोळा हजार कोटी सूर्यांइतके साधे द्रव्य तिच्या वाट्याला यायला हवे. तिचे सगळे तारे आणि थंड वायू मिळून सहा-सात हजार कोटींच्या आसपास भरतात. उरलेल्या नऊ-दहा हजार कोटी सूर्यांपैकी किती द्रव्य आपल्या भोवतीच्या तप्त, क्ष-किरणांत जेमतेम दिसणाऱ्या वायुमंडलात अजून रेंगाळते आहे, आणि किती केव्हाच शेजारच्या पोकळीत निघून गेले आहे, यावर अद्याप एकमत नाही. ते आपल्या स्वतःच्या दीर्घिकेबाबत ठरवणे जास्त कठीण आहे, कारण आपण तिच्या आत बसलो आहोत, आणि आपल्याकडे येणारा प्रत्येक रेडिओ स्फोट, तो कुठूनही निघाला असला तरी, शेवटचा थोडा उशीर याच वायुमंडलात करून येतो. त्याचे माप पक्के झाले, की बाकीच्या सगळ्या उशिरांतून ते वजा करता येईल, आणि ७६ आणि १५ हे आकडे किती सरकतात ते तेव्हाच कळेल.